धरलेली जागा

तुळजापूर, १० जानेवारी २०२५

ती. अक्का,

पाया पडते आणि थेट तक्रारीवर येते. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि तुमच्या नातवाला, शिवकुमारला मध्ये घालून सांगावी अशी ही गोष्ट नाही. आमच्या शेजारची शिवकन्या नळदुर्गच्या शाळेवर रोज अप-डाऊन करते, तिच्या पर्समधून हे पत्र येतंय. उत्तर तिच्याच हाती द्या.

तुमच्या भावाला आवरा. मी सांगून थकले. नवऱ्याला बायकोचं ऐकू येत नाही आणि बहिणीला फोनचं, असं आपलं घराणं आहे.

दिवाळीपासून ह्यांना नवीन खूळ लागलंय. दर गुरुवारी सकाळी उठायचं, दोन दशम्या फडक्यात बांधून मागायच्या, पाण्याची बाटली घ्यायची आणि स्टँड गाठायचं. पंच्याहत्तरीनंतर एसटी फुकट झालीय ना, तीच माझ्या मुळावर आली. कुठंतरी डोंगराच्या पायथ्याला उतरायचं, दिवसभर चालायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. हातलाईचा डोंगर झाला, धाराशिवची लेणी झाली, तुमच्या गावचा किल्ला तर दोनदा झाला. मोबाइल घरीच ठेवतात. म्हणे, डोंगरात रेंज नसते, ओझं कशाला? म्हणजे सकाळी माणूस दारातनं बाहेर पडला की संध्याकाळपर्यंत आहे की नाही, देवीलाच ठाऊक.

आणि काल कुठं गेले होते माहिताय? येडशीला. रामलिंगाच्या जंगलात. अक्का, त्या जंगलात वाघ आलाय. अफवा नाही, पेपरात फोटो आलाय, आसपासच्या शिवारात जनावरं मारलीयत. लोक दिवसाउजेडी शेतात जायला कचरतात आणि आमचे गुरुजी तिकडं दशम्या घेऊन सहलीला. काल गाडी यायची वेळ झाली तशी मी खिडकीशी जाऊन उभी राहिले, ती हे दारात दिसेपर्यंत हलले नाही.

आले ते मात्र एकदम खुशीत. वाटेत किती जणांना रस्ता विचारला, कुणी ताक पाजलं, कुणी बांधापर्यंत सोडायला आलं, हेच पुराण. अर्ध्या तुळजापूरला गणित शिकवलेला माणूस, जन्मात कधी कुणाला काही विचारलं नाही, आणि आता गुराख्याला रस्ता विचारल्याचं कौतुक सांगतात. गर्दीतही मला जागा मिळतेच, असंही वर ऐकवलं. गाडी लागली की खिडकीतनं टोपी सीटवर टाकायची, मग निवांत मागनं चढायचं. टोपी टाकलेल्या जागेवर आपल्याकडं कुणी बसत नाही म्हणे. टोप्या धोब्याकडं बदलून येतात म्हणून आतल्या पट्टीवर मी लाल दोऱ्यानं नाव-गाव घातलंय, एवढाच माझा ह्या सगळ्यातला वाटा.

काल घरी आले आणि उंबऱ्याबाहेर थांबून दारावरची पाटी वाचत उभे राहिले. मी म्हटलं, रंग उडालाय, आपला मुकुल पुण्याहून आला की देऊ करून. तर नुसते हसले.

तुम्ही थोरल्या आहात. तुमचा शब्द मोडत नाहीत. जंगल तेवढं बंद करायला सांगा.

तुमची,
नीला

•

नळदुर्ग, १३ जानेवारी

चि. सौ. नीला,

पत्र पोचलं. चष्मा पुसून दोनदा वाचलं.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते उगाच नाही. वाघाला एवढ्या रानात दुसरं काही मिळालं नाही म्हणून तो गणिताचा वाळका मास्तर खायला येईल होय? विष्णू लहानपणी बोरीच्या नदीत भोवऱ्याशेजारी पोहायचा, तेव्हा तू नव्हतीस. मी काठावर कपडे सांभाळत रडत बसायची. तो दर वेळी वर आला.

फिरू दे त्याला. हात जोडून सांगते, अडवू नकोस.

फक्त एक कर. घराचा पत्ता आणि मुकुलचा फोन नंबर कागदावर लिही आणि तो कागद त्याच्या सदऱ्याच्या खिशात घाल. दर गुरुवारी न विसरता.

शिवकन्येबरोबर तिळाच्या वड्या पाठवल्यायत. विष्णूला कडक लागतात, त्याच्या वेगळ्या बांधल्यायत. उद्या संक्रांत, दोघं गोड राहा.

अक्का

•

तुळजापूर, २४ जानेवारी

ती. अक्का,

वड्या पोचल्या. पण सोबतच्या पत्रात तुम्ही सांगितलेल्या त्या कागदानं माझी झोप उडवली.

खिशात पत्ता कशासाठी घालतात, अक्का? प्रेत ओळखू यावं म्हणून घालतात. तुमच्या मनात तसं नसेल, पण मला तेच दिसायला लागलं. तरी तुमचा शब्द म्हणून लिहिला आणि गुपचूप घातला. ह्यांना तो सापडला. अक्का, एवढ्या वर्षांच्या संसारात ह्यांनी माझ्यावर आवाज चढवलेला मला आठवत नाही. त्या दिवशी चढवला. कागदाचे तुकडे केले आणि म्हणाले, "मी काय हरवलेलं पोर आहे?" मग तसेच खाली बसले. मी पाणी दिलं तर भांडं हातात धरून बसून राहिले.

दुसऱ्या गुरुवारी मी टोपी लपवली. म्हटलं, टोपीशिवाय हे घराबाहेर पाऊल टाकत नाहीत, बसतील घरी. तर सगळं घर धुंडाळलं आणि शेवटी स्वयंपाकघराच्या दारात येऊन हळूच म्हणाले, "नीला, मला कोंडू नकोस." मी तांदळाच्या डब्यातनं टोपी काढून दिली. दुसरं काय करणार होते?

आता खरी गोष्ट सांगते. मला वाघाची भीती राहिलेली नाही. दुसरीच बसलीय.

गेल्या गुरुवारी हे लई उशिरा घरी आले. म्हणाले, गाडी बंद पडली. आणि शिवकन्या मला सहज बोलून गेली की तिनं ह्यांना संध्याकाळी आपल्या जुन्या स्टँडवर बाकावर बसलेलं पाहिलं. गाडी वेळेवर आली होती, अक्का. घर दहा मिनिटांवर आणि हे बाकावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याकडं बघत होते. शिवकन्या निघाली तसे तिच्यामागनं उठले आणि तिच्याबरोबरच गल्लीत आले. मला खोटं का सांगितलं?

घरी यायला माणूस का कचरतो? मला एकच कारण सुचतं. ह्यांना घर सोडायचंय. दर आठवड्याला थोडं थोडं लांब जाऊन न परतण्याची सवय करतायत. एखाद्या गुरुवारी जातील आणि येणार नाहीत. किंवा त्याहून वाईट काही, ते लिहायला माझा हात होत नाही. त्या कड्यांवर, त्या लेण्यांच्या वर एकटं उभं राहून हे काय विचार करत असतील?

आणि उलट परवा देवळात गेलो, मंगळवारची गर्दी होती, तर ह्यांनी माझा पदर मुठीत धरला तो घरी येईपर्यंत सोडला नाही. मी चिडवलं, म्हटलं म्हातारपणी प्रेम उतू चाललंय. तेव्हाही नुसते हसले. जाणारा माणूस असा पदर धरतो का?

तुम्हाला काही बोललेत का? खरं सांगा. मी ऐकून घेईन.

नीला

•

नळदुर्ग, २७ जानेवारी

चि. नीला,

विष्णू घर सोडणार नाही. घर सुटू नये म्हणूनच फिरतोय. एवढ्यावर विश्वास ठेव आणि पुढं विचारू नकोस. मी शब्दात अडकलेय.

कागद पुन्हा लिही. खिशात सापडतो तर सदऱ्याच्या अस्तरात शिव.

अक्का

•

तुळजापूर, ७ फेब्रुवारी, सकाळ

अक्का,

हे आले नाहीत. काल गुरुवार होता, येडशीला गेले आणि आले नाहीत.

शिवकन्या खाली उभी आहे, तिची गाडी निघेल, म्हणून लिहिते तसं वाचा.

काल दिवेलागणीला दार वाजलं. मला वाटलं हेच. दारात कळंबहून येणाऱ्या गाडीचा कंडक्टर, ह्यांचाच जुना विद्यार्थी, उमाशंकर नावाचा. हातात ह्यांची टोपी. आतली पट्टी उलटून मला दाखवली. मी दाराला धरून उभी राहिले.

झालं ते असं. येडशीला गाडी लागली, ड्रायव्हर चहाला उतरला. ह्यांनी नेहमीसारखी खिडकीतनं टोपी सीटवर टाकली आणि बाटली भरायला नळावर गेले, हे एका बाईनं पाहिलं. गाडी भरली, माणसं दाटीवाटीनं उभी. पण त्या जागेवर कुणी बसलं नाही. टोपी आहे म्हणजे माणूस आहे. कंडक्टरनं तिकीट फाडताना विचारलं, इथं कोण? पुढच्यानं सांगितलं, मागं बसलेत ओळखीच्यापाशी. मागच्यानं सांगितलं, दारात उभेत. धाराशिव गेलं, पुढचे थांबे गेले. एक लेकुरवाळी अंगावरच्या पोराला घेऊन उभी होती, तीसुद्धा बसली नाही. तुळजापूरला सगळी उतरली, सीटवर टोपी तेवढी उरली. भल्या लोकांच्या भलेपणानं माझा माणूस मागं राहिला, अक्का. एकजण जरी धटिंगणासारखा टोपी उचलून बसला असता, तर आरडाओरडा झाला असता, गाडी थांबली असती.

मुकुल पुण्याहून निघालाय. पोलिसांत तक्रार दिलीय. जंगलखात्याची माणसं बॅटऱ्या घेऊन गेली होती, तिथं त्यांना काही सापडलं नाही. सगळे वाघाचं नाव घेणं टाळतात आणि माझ्याकडं बघणंही टाळतात.

तुमच्याकडं तर आले नाहीत ना? तुम्हाला जे ठाऊक आहे ते आता सांगा. कसला शब्द घेऊन बसलाय?

नीला

•

नळदुर्ग, ७ फेब्रुवारी, दुपार

नीला,

इथं आला नाही. शिवकुमारला स्टँडवर बसवलंय आणि तुझ्या फोनवर निरोप द्यायला लावलाय की त्याला जंगलात शोधू नका. स्टँडांवर शोधा, गाड्यांमध्ये शोधा. जी गाडी येडशीहून त्याच वेळेला सुटली असेल ती कुठं गेली ते बघा. कारण शिवकुमारला सांगितलेलं नाही, ते तुला लिहिते. शब्द गेला चुलीत.

विष्णू विसरायला लागलाय. नावं नाही, हिशेब नाही, वाटा विसरतो. रोजच्या वाटा. दिवाळीआधी दूध आणायला गेला आणि स्वतःच्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहून त्याला कळेना की घर डावीकडं की उजवीकडं. तिथं उभा राहिला आणि भ्याला. किल्ला बघायला म्हणून माझ्याकडं आला, माझ्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं सांगितलं आणि पोरासारखा रडला. तुला सांगायचं नाही अशी माझ्या गळ्याची शपथ घातली. स्टँडच्या बाकावर बसला होता तो गल्लीतलं कुणी दिसण्याची वाट बघत. देवळात पदर धरला तो हरवेन म्हणून. दारावरची पाटी वाचली ती घर आपलंच ना, हे बघायला.

गुरुवारची हिंडफिर का, तेही सांगते. तो मला म्हणाला, "अक्का, आपल्या गावात रस्ता विचारला तर लोक हसतील. परक्या गावात विचारला तर पाणी पाजतात."

म्हणून तो लांब जातो, नीला. तिथं रस्ता ठाऊक नसणं ही लाज नाही. आठवड्यातला तेवढा एक दिवस त्याला भीती वाटत नाही.

मी देवापुढं बसलेय. तो आला की लगेच कळव.

अक्का

•

तुळजापूर, १० फेब्रुवारी

अक्का,

आले. शुक्रवारी दुपारीच आले. शिवकुमारनं सांगितलं असेलच.

तुमच्या सांगण्याप्रमाणंच निघालं. टोपीवाल्या गाडीशेजारी दुसरी लाल गाडी लागली होती. बाटली भरून हे तिच्यात चढले आणि खिडकीजवळच्या सीटवर जाऊन बसले. टोपी दिसेना, तर कुणीतरी नेली असं समजले. ती गाडी मुक्कामी होती. एका आडगावात रात्रभर थांबायची आणि सकाळी परतायची. गावात उतरल्यावर आता परतीची गाडी नाही हे कळलं, तरी ह्यांनी ब्र काढला नाही.

शुक्रवारी सकाळी पोलिसांनी पाठवलेला फोटो त्या गाडीच्या कंडक्टरनं पाहिला, तसा फोन आला. मुकुल पुण्याहून परस्पर गाडी घेऊन तिकडं गेला. ज्या घरी हे रात्री राहिले तिथल्या सारजाबाई त्याला म्हणाल्या, "आमी इचारलं, कुणाच्यात आलाव? तर म्हणले, कुणाच्यात न्हाय, डोंगर बघाया आलोय. म्हातारं माणूस, आमी पिठलं-भाकर वाढली, वाकळ दिली. घरचे वाट बघत असतील आसं आमाला काय वाटलं न्हाय, बाबा. लई निवांत होते." निवांत होते, अक्का. इकडं मी अख्खी रात्र टोपी मांडीवर घेऊन बसले होते आणि तिकडं हे पिठलं-भाकरी खाऊन निवांत झोपले होते.

तुमचं पत्र शिवकन्येनं शुक्रवारी संध्याकाळी आणलं. दार ह्यांनीच उघडलं. "अक्काचं पत्र आलंय बघ," म्हणून ह्यांनीच माझ्या हातात दिलं. ह्यांच्यासमोर बसून मी ते वाचलं. काय लिहिलंय असं विचारलं, तर मी म्हटलं, गुडघे दुखतायत म्हणतात.

आता मला जे वाटतं ते लिहिते, तुम्ही वडीलधाऱ्या असलात तरी. तुम्हाला ठाऊक होतं. दिवाळीपासून ठाऊक होतं. मी वाघाला भ्यायले, कड्याला भ्यायले, हे मला सोडून जाणार म्हणून भ्यायले, आणि तुम्ही मला ब्रह्मराक्षसाच्या म्हणी ऐकवल्यात. मी बायको आहे. ह्यांच्या डोळ्यातलं पाणी तुमच्या वाट्याला आणि माझ्या वाट्याला टोपीच्या पट्टीवर नाव घालायचं काम. वर तो कागद. सरळ एका ओळीत सांगितलं असतंत तर मी येडशीला एकटं पाठवलं असतं का?

मुकुलनं दाराला वरून कडी बसवून घेतलीय, ह्यांचा हात पोचणार नाही अशी. तो म्हणतो, पुढच्या महिन्यात दोघांनाही पुण्याला नेतो, नवव्या मजल्यावर, तिथं खाली सिक्युरिटी आहे. सोलापूरच्या डॉक्टरांनीही सांगितलं, हे वाढत जाणार, एकटं सोडू नका.

सध्या मला पत्र लिहू नका. माझा राग उतरलेला नाही.

नीला

•

नळदुर्ग, ४ मार्च

चि. नीला,

लिहू नका म्हणालीस म्हणून थांबले. आता ऐंशीच्या वयात जास्त थांबणं परवडत नाही.

रागाव. तुझा हक्क आहे. मी चुकले असेन, पण त्यानं शपथ घातली तेव्हा त्याचं तोंड तू पाहिलं नव्हतंस. तुझ्यासमोर त्याला अजून गुरुजीच राहायचं होतं. माझ्यासमोर तो काठावर कपडे टाकून गेलेला पोरगा आहे, त्याला कसली लाज?

शिवकन्या कडीचं सांगत होती. पहिले काही गुरुवार तो सकाळी टोपी घालून दारापाशी उभा राहायचा, आता राहत नाही म्हणे. खुर्चीत बसतो. तुझ्या जिवाला स्वस्थता आली असेल. त्याचं काय झालं असेल ते तू शेजारी बसून बघतेयसच, मी काय सांगू?

पुण्याला ना त्याला वाट कळेल, ना कुणी त्याला ओळखेल, ना तो कुणाला विचारायला खाली उतरू शकेल. मला तर त्या नवव्या मजल्याचं वाघापेक्षा जास्त भय वाटतं.

बायकांना एसटीचं तिकीट अर्धं आहे. पाय अजून धड आहेत. एवढंच लिहिते.

अक्का

•

तुळजापूर, २८ मार्च

ती. अक्का,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी चिडून ते डब्याखाली ठेवलं. दोन दिवसांनी पुन्हा काढलं. मग स्टुलावर चढून कडी काढली.

गेले तीन गुरुवार आम्ही दोघं जातो. मुकुल फोनवर ओरडला. त्याला म्हटलं, पुण्याचं पुढं बघू, अजून तुझी आई चालती आहे. पहिल्यांदा रामदऱ्याच्या तलावापर्यंतच गेलो, माझी छाती भरून आली होती, चालण्यानं नव्हे, भीतीनं. हे चार पावलं पुढं गेले की मी धावत जाऊन ह्यांना गाठायची. पण अक्का, तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. हे रस्ता विचारतात तेव्हा ह्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो. एखाद्या बाईनं हात लांब करून वाट दाखवली की, वर्गात गणित सुटल्यावर दिसायचे तसे दिसतात.

परतल्यावर मी एक करायला लागलेय. स्टँडवरनं उतरलो की आपल्याच गावात मी रस्ता विचारते. फुलवाल्याला, पानवाल्याला, कुणालाही. म्हणते, भाऊ, विष्णुपंत गुरुजींचं घर कुठं आलं? पहिल्या दिवशी फुलवाला खो खो हसला. म्हणाला, काकू, चेष्टा करता का गरिबाची? म्हटलं, तू सांग तर खरं. त्यानं सांगितलं. हे माझ्याकडं बघत राहिले. दुसऱ्या आठवड्यात ह्यांनी स्वतःच विचारलं. फुलवाला ह्या वेळी हसला नाही, दुकान सोडून कोपऱ्यापर्यंत आला. आता गल्लीला सगळं कळलंय. कळू दे.

भीती गेली असं समजू नका. आता सकाळी डोळा उघडला की आधी ह्यांच्याकडं बघते आणि मनात म्हणते, आज ह्यांना मी ठाऊक असू दे. ही भीती मी आजवर कागदावर आणली नव्हती. काल तीही समोर उभी राहिली.

काल येडशीला गेलो होतो. आतल्या रानात कुणी जाऊ देत नाही, आम्हीही हट्ट केला नाही, रस्त्याच्या कडेकडेनंच हिंडलो. उन्हाळा तापलाय, दुपारीच परतीच्या गाडीला आलो. तीच कळंबची गाडी, तीच गर्दी. ह्यांनी खिडकीतनं टोपी टाकली. मी ह्यांना आधी चढवलं, जागेवर बसलेलं पाहिलं, मगच नळावर बाटली भरायला गेले, तीसुद्धा मान मागं वळवून वळवून. परत आले, गर्दीतनं वाट काढत सीटपाशी पोचले. हे खिडकीशी बसले होते, शेजारच्या जागेवर टोपी. मी टोपी उचलायला हात घातला.

ह्यांनी माझा हात धरला. रागानं नाही, अदबीनं. म्हणाले, "बाई, इथं बसू नका. ही जागा आमच्या घरातल्यांसाठी धरलीय. पाणी आणायला गेल्यायत, येतीलच."

अक्का, भरलेली बाटली माझ्या हातात होती. ह्यांच्या डोळ्यात मी कुठंच नव्हते. एखाद्या परक्या बाईशी बोलतात तसे अहो-जाहो करून बोलले. मी म्हटलं, बरं. वरचा दांडा धरून तिथंच उभी राहिले.

गाडी सुटली. हे सारखे खिडकीतनं मागं बघत होते. माझीच वाट बघत होते, अक्का, कासावीस झाले होते. एकदा उठून कंडक्टरला म्हणाले, आमच्या घरातल्या राहिल्या मागं, गाडी थांबवा. कंडक्टर उमाशंकरच होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. तो म्हणाला, "गुरुजी, घरातल्या गाडीतच आहेत. माझ्या नजरेत आहेत, येतील जागेवर." तेव्हा कुठं बसले. एका माणसानं दमून टोपी सरकवायला बघितलं, तर ह्यांनी त्याला असा झापला की तो पार मागं गेला. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता, एका हातात दांडा, एका हातात बाटली. उभ्या माणसांत मीही उभी, त्या दिवशी ती माणसं टोपीला मान देऊन उभी राहिली होती तशीच.

धाराशिवला गाडी थांबली, माणसं चढली-उतरली, धक्काबुक्कीत माझा पदर ह्यांच्या गुडघ्यावर पडला. ह्यांनी तो बोटांत धरला. काठ चाचपला. मग वर बघितलं, आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "अगं, उभी काय अशी? किती वेळ जागा धरून ठेवलीय. बस की."

मी टोपी उचलून बसले. तुळजापूर येईपर्यंत ती मांडीवरच ठेवली होती.

पुढच्या गुरुवारी तुमच्याकडं येतोय, किल्ल्याला. शिवकुमारला स्टँडवर पाठवू नका. आम्ही विचारत विचारत येऊ.

तुमची,
नीला